नाव माहीत असलेली कुंडी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्या भाषेनं मांजराला फारसं चांगलं वागवलेलं नाही. ते आडवं गेलं की आपलं काम बिघडतं. ते डोळे मिटून दूध पितं. त्याच्या गळ्यात घंटा बांधायला कोणी पुढं येत नाही. हिंदीत तर शंभर उंदीर खाऊन झाल्यावर ते हजला निघतं. या सगळ्या म्हणींमध्ये मांजर दूध पितं, उंदीर खातं, चोरी करतं. पाला खाताना ते एकाही म्हणीत सापडत नाही.

प्रत्यक्षात ते पाला खातं. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी हे पाहिलेलं असतं. गवताचं पातं दिसलं की मान तिरकी करून, दाढेखाली धरून ते कुरतडतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी हजारावर मांजरपाळकांना विचारलं आणि २०१९ साली त्याचे निष्कर्ष मांडले. दहातल्या सात जणांनी आपल्या मांजराला पाच-सहा वेळा तरी हिरवं खाताना पाहिलं होतं. पोट बिघडलं म्हणून, उलटी काढायची म्हणून मांजर गवत खातं असं आपण समजतो. पण त्यातली बहुतेक मांजरं आजारी नव्हती आणि पाला खाल्ल्यावर दर वेळी ओकतही नव्हती. ही त्यांच्या रानटी पूर्वजांपासून आलेली सवय असावी, आतड्यातले जंत बाहेर काढायला तिचा उपयोग होत असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे मांजरानं झाडाला तोंड लावणं हा खोडसाळपणा नाही, ती त्याची प्रकृतीच आहे. तेव्हा आज मला बोलायचं आहे ते मांजराच्या सवयीबद्दल नाही, आपण घरात आणून ठेवलेल्या कुंडीबद्दल.

मी राहतो भिवंडीत, कामतघरला. वऱ्हाळदेवीच्या तलावामुळं आमचा भाग ओळखला जातो. तलावापासून थोडं आत आलं की मागांचा खडखडाट सुरू होतो. यंत्रमागाच्या गावात मांजराला नेहमीच काम होतं. सुताला खळ, खळीला उंदीर आणि उंदराला मांजर, अशी ती साखळी. कारखान्यातली मांजरं कोणाच्या मालकीची नसायची. रात्रपाळीचा कामगार आपल्या डब्यातला तुकडा टाकायचा, सकाळी चाळीतली एखादी बाई बशीत दूध ठेवायची आणि बाकीचा वेळ मांजर आपल्या मर्जीचं मालक. पावसाळ्यात गटाराकडेला, पडक्या भिंतीशी तण माजायचं. त्यात खोकली नावाचं एक झाड उगवतं. त्याच्या मुळांना मांजरं भुलतात. मुळं उकरून काढतात, त्यांच्यावर लोळतात. कुठल्या पाल्याला तोंड लावायचं, कुठल्या पाल्याकडं पाठ फिरवायची, हे ती आईच्या मागं हिंडून शिकायची. निवड त्यांची होती.

आता कामतघरात इमारती झाल्या. कौलाच्या जागी स्लॅब आला, ओटा गेला, लिफ्ट आली. २०२० च्या टाळेबंदीत माग थांबले आणि माणसं घरात बसली, तेव्हा पुष्कळ घरांत दोन गोष्टी नव्यानं आल्या. एक मांजराचं पिलू आणि दुसरी कुंडी. दोन्हींनी त्या दिवसांत माणसांना आधार दिला. टाळेबंदी उठली, माणसं कामाला लागली. मांजर आणि कुंडी मात्र सहाव्या मजल्यावर बंद दाराआड एकमेकांच्या सोबतीला राहिली.

या कुंड्यांमध्ये असतं काय? मनी प्लांट, स्नेक प्लांट, पीस लिली, डिफेनबेकिया, झेडझेड प्लांट. ही झाडं घरोघरी पोचली त्याला एक कारण आहे. १९८९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेनं एक अहवाल प्रसिद्ध केला. हवाबंद छोट्या कक्षात ठेवलेल्या काही झाडांनी हवेतली विशिष्ट रसायनं कमी केल्याचं त्यात दिसलं होतं. तो प्रयोग अंतराळयानासारख्या बंदिस्त जागेचा विचार करून केलेला होता. पण तिथून ‘हवा शुद्ध करणारी झाडं’ हा शब्दप्रयोग बाजारात उतरला. आमच्या गावात सुताची धूळ नाकातोंडात जाते, त्यामुळं असली पाटी वाचली की हात आपोआप खिशाकडं जातो. पुढं २०१९ साली दोन अमेरिकी संशोधकांनी असे अनेक प्रयोग पुन्हा तपासले. साध्या घरात दारं-खिडक्यांतून जेवढी हवा आपसूक बदलते, तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटर जागेत दहापासून हजारपर्यंत कुंड्या ठेवाव्या लागतील, असा त्यांचा हिशेब निघाला. तेव्हा झाड आवडतं म्हणून जरूर ठेवावं. ते हवा धुऊन देतं म्हणून ठेवू नये.

मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि आयुष्य कवितेत घालवलं. पण या विषयात पशुवैद्यकांचं जे म्हणणं आहे ते साध्या माणसालाही समजेल असं आहे. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. माणसाचं किंवा कुत्र्याचं यकृत जी अनेक परकी द्रव्यं मोडून, निरुपद्रवी करून बाहेर टाकतं, त्यांतल्या काहींसाठी लागणारं एक विकर मांजरात चालतच नाही. पिढ्यान्‌पिढ्या मांसावर जगलेल्या प्राण्याला त्याची गरज पडली नाही. म्हणूनच आपण डोकं दुखलं की सहज घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. त्यात मांजर स्वतःचं अंग चाटून स्वच्छ ठेवतं. अंगावर जे पडेल ते पोटात जातं. आपल्याला किरकोळ वाटणारी गोष्ट त्याला किरकोळ असेलच असं नाही, एवढं यावरून लक्षात ठेवायचं.

घरातल्या त्रासदायक झाडांचे मी माझ्या सोयीसाठी तीन कप्पे केले आहेत.

पहिला कप्पा आपल्या ओळखीचा आहे. अळू चिरताना हात खाजतात. सुरणाचंही तसंच. आमच्या घरातल्या बायका हाताला तेल किंवा चिंचेचा कोळ लावून अळू चिरायच्या. अळूच्या फदफद्यात चिंच किंवा आंबट चुका पडतो तो काही नुसत्या चवीसाठी नाही. अळूच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. पान चावलं की त्या सुया जिभेत, घशात टोचतात. मनी प्लांट, डिफेनबेकिया, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम, अॅग्लोनिमा, पीस लिली, झेडझेड प्लांट ही सगळी अळूचीच भावंडं. एकाच कुळातली. त्यांच्या पानांत त्याच सुया. फरक इतकाच की आपण अळू शिजवतो, त्यात आंबट घालतो. मांजर कच्चं पान चावतं आणि त्याच्याजवळ चिंच नसते. मग ते लाळ गाळतं, पंजानं तोंड घासतं, ओकतं, खाणं सोडतं. आग इतकी होते की बहुधा ते दुसरा घास घेत नाही. त्यामुळं या कप्प्यातल्या झाडांनी मांजर दगावण्याचे प्रसंग फार थोडे. पण जीभ-घसा फार सुजला तर श्वासाला अडथळा येऊ शकतो, म्हणून दुर्लक्षही करू नये.

दुसऱ्या कप्प्यात पोट आणि हृदय बिघडवणारी झाडं येतात. कोरफड आपण औषधी म्हणून लावतो. तिच्या पानातल्या पिवळ्या चिकानं मांजराला उलट्या-जुलाब होतात. स्नेक प्लांट आणि लकी बांबू यांच्यातल्या साबणासारख्या द्रव्यांनीही पोट बिघडतं. सदाफुलीत तर इतकी तीव्र द्रव्यं आहेत की माणसाच्या कर्करोगावरची औषधं तिच्यापासून काढली जातात. ती मांजरानं चघळावी अशी वस्तू नव्हे. त्याहून गंभीर म्हणजे कण्हेर, पिवळी कण्हेर, अडेनियम आणि पानफुटी. कण्हेरीच्या पानाफुलांत, चिकात हृदयाची गती बिघडवणारी द्रव्यं असतात, ती माणसालाही मारक आहेत. गॅलरीत हौसेनं ठेवतात ते जाड बुंध्याचं, गुलाबी फुलांचं अडेनियम हे कण्हेरीच्याच घराण्यातलं. पानफुटी आणि रंगीत फुलांचा कलांचो या बहिणी वेगळ्या कुळातल्या, पण त्यांचाही रोख हृदयावरच. घरात रांगतं मूल असेल तर हा कप्पा मांजर नसलं तरी लक्षात ठेवण्याजोगा आहे.

तिसरा कप्पा प्राणघातक झाडांचा. त्यात मी दोनच नावं सांगतो. एक सायकस आणि दुसरी लिली.

सायकसला आपल्याकडं सायकस पाम म्हणतात. इमारतीच्या दर्शनी भागात, हॉटेलच्या दाराशी ही झाडं असतात. दिसायला पामसारखं, पण पामच्या घराण्याशी त्याचा काही संबंध नाही. त्याची पानं, खोड, मुळं, सगळंच विषारी आणि बी सर्वांत जास्त. ते यकृत निकामी करतं. कुत्र्यांनाही ते तितकंच घातक. उलट अरेका पाम, जो आपण दिवाणखान्यात ठेवतो, तो मांजराला निर्धोक आहे. दोघांच्याही नावात पाम. एक सोबती आणि एक वैरी.

लिलीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ते मी जवळून पाहिलं आहे.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक पद्मशाली कुटुंब राहतं. त्यांच्याकडं एक पांढरा बोका होता. घरातल्या मोठ्या मुलीचं लग्न ठरलं. पाहुण्यांनी मोठमोठे पुष्पगुच्छ आणले, ते टेबलावर काचेच्या भांड्यात पाणी घालून ठेवले. हळदीच्या दिवशी बोक्याच्या नाकावर आणि छातीवर पिवळी-तपकिरी भुकटी लागलेली दिसली. “बघा, बोक्यालाही हळद लागली,” असं म्हणून सगळे हसले. त्याचे फोटो काढले. मी तिथंच होतो. रात्री बोका दोनदा ओकला. लग्नघरात एवढ्याशा गोष्टीकडं कोण बघणार? दुसऱ्या दिवशी तो पलंगाखाली बसून राहिला. तिसऱ्या दिवशी लग्नाची गडबड आटोपली तेव्हा त्याला ठाण्याला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “घरात फुलं आणली होती का?” तोवर त्याची दोन्ही मूत्रपिंडं बंद पडली होती. पाचव्या दिवशी तो गेला. धाकटा मुलगा माझ्याकडं आला आणि म्हणाला, “चाचा, फुलानं कोणी मरतं का हो?”

फुलांवर आयुष्यभर ओळी लिहिणाऱ्या माणसाला कोणी हा प्रश्न आजवर विचारला नव्हता. त्याच्या उत्तरासाठी मला शोधाशोध करावी लागली.

उत्तर असं, की मांजर मरतं. पुष्पगुच्छात असतात ती मोठ्या कर्ण्यासारखी, सुवासिक, पांढरी-गुलाबी-केशरी लिलीची फुलं मांजरासाठी अत्यंत घातक आहेत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी हे प्रथम नोंदवलं. डे-लिली नावाची बागेतली लिलीही त्यातच येते. पान, पाकळी, देठ, परागकण, सगळं विषारी. फुलं ज्या पाण्यात ठेवली ते पाणीसुद्धा. एखादं पान कुरतडणं किंवा अंगावर पडलेले पराग चाटणं एवढ्यानंही मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. नेमकं कोणतं द्रव्य हे करतं ते शास्त्रज्ञांना अजून सापडलेलं नाही. विशेष म्हणजे कुत्र्यानं हीच लिली खाल्ली तर त्याचं पोट बिघडतं, मूत्रपिंडं जात नाहीत.

या विषाचा सगळा खेळ वेळेचा आहे. पहिल्या काही तासांत मांजर ओकतं, लाळ गाळतं, मलूल होतं. मग उलट्या थांबतात आणि घरच्यांना वाटतं, बरं झालं. तेच खरं फसवं असतं. आत मूत्रपिंडं खराब होत असतात आणि एक ते तीन दिवसांत ती बंद पडतात. पहिल्या अठरा तासांच्या आत दवाखान्यात नेऊन शिरेतून सलाइन सुरू केलं आणि ते दोन-तीन दिवस चालू ठेवलं तर बरंच मांजर वाचतं. उशीर झाला की डॉक्टरांच्याही हातात फारसं उरत नाही. आपल्याकडचं पशुवैद्यक उभं राहिलं ते गाईम्हशी, बैल, घोडे यांच्यासाठी. मांजराला सलाइन लावणारा दवाखाना प्रत्येक गावात मिळत नाही. कामतघरहून ठाण्याला किंवा मुंबईला जायचं तर रस्त्यावरच्या कंटेनरच्या रांगा पार कराव्या लागतात. म्हणून अठरा तास हे ऐकायला पुष्कळ वाटतात, पण वाट बघत बसण्याइतके पुष्कळ नाहीत.

आता कोणी म्हणेल, लिली तर आमच्याकडं रोज येते. देवाला, वेणीला, हाराला. वसई, पालघर, डहाणूच्या बागायतदारांच्या घरात तिच्यावर चूल पेटते. अगदी बरोबर. पण ती लिली वेगळी. पांढऱ्या, लांब कळ्यांच्या जुड्या बांधून जी दादरच्या फूलबाजारात येते, ती स्पायडर लिली. ती खाल्ली तर मांजराला उलट्या होतात, कांदा जास्त त्रास देतो, म्हणून तीही दूर ठेवावी. पण मूत्रपिंडं घालवणारी ती नव्हे. पावसाच्या पहिल्या सरीला अंगणात गुलाबी-पांढरी फुलं येतात, त्यांनाही आपण लिलीच म्हणतो. ती तिसरीच, स्पायडर लिलीच्या नात्यातली. पीस लिली म्हणजे अळूची बहीण, हे आधी सांगितलंच. तळ्यातल्या, कमळासारख्या दिसणाऱ्या फुलाला वॉटर लिली म्हणतात, तिचा या कोणाशीच संबंध नाही. आणि गौरीच्या दिवसांत कोकणात घरात येणारी कळलावी, आगीच्या ज्वाळेसारख्या लाल-पिवळ्या पाकळ्यांची, तिला इंग्रजीत ग्लोरी लिली म्हणतात. तिच्यात कोल्चिसिन नावाचं जहाल विष असतं, ते माणसालाही सोडत नाही.

एका लिली या नावाखाली एवढा गोतावळा! कवीला असं नाव आवडतं. एका शब्दात चार अर्थ सापडले की आम्ही खूश. पण ज्या घरात मांजर आहे त्या घरात एका शब्दाला एकच अर्थ असलेला बरा. ‘घरात कोणती लिली होती?’ या डॉक्टरांच्या प्रश्नाला उत्तर देता आलं पाहिजे. त्या उत्तरावर पुढचा उपचार ठरतो.

इथं मला धर्माच्या आणि रूढीच्या दोन गोष्टी आठवतात. पैगंबरांचे एक सहकारी अबू हुरैरा. हे त्यांचं खरं नाव नव्हे, टोपणनाव. त्याचा अर्थ मांजराच्या पिलाचा बाप. मांजराच्या लळ्यामुळं पडलेलं हे नाव त्यांना जन्मभर चिकटलं. मुसलमानांच्या घरात मांजराला मोकळीक असते, त्यामागं अशा आठवणी आहेत. हदीसमध्ये एका बाईचीही हकीकत येते. तिनं मांजर कोंडून ठेवलं, त्याला खायला घातलं नाही आणि जमिनीवरचं किडूकमिडूक शोधून खायला मोकळंही सोडलं नाही. ते मेलं आणि तिला शिक्षा झाली. लहानपणी ही हकीकत मी क्रौर्याची म्हणून ऐकली होती. आता वाटतं, तिचा भर कोंडण्यावर आहे. मोकळ्या मांजराचं बरंवाईट ते स्वतः बघतं. दार आपण लावलं की त्याच्या वाट्याला काय येणार ते आपण ठरवतो. अन्न, पाणी आणि कुंडीसुद्धा.

दुसरी गोष्ट आपल्या सगळ्यांच्या आज्यांनी सांगितलेली. हातून मांजर मेलं तर सोन्याचं मांजर करून काशीला वाहावं लागतं. गरिबाला ते परवडणारं नव्हतं, म्हणून तो मांजरावर काठी उगारताना दहादा विचार करायचा. त्या रूढीचा उपयोग बहुधा तोच असावा. पण काठीनं मारण्याचा धाक या दोन्ही गोष्टींत आहे, उपाशी मारण्याचा आहे. शोभेसाठी आणलेल्या फुलानं मांजर मरेल, हे जुन्या माणसांच्या ध्यानीमनीही नसेल. त्यांच्या घरात ती फुलं नव्हती आणि त्यांची मांजरं बंद दाराआड नव्हती. हा आपल्या काळाचा प्रश्न आहे, तो आपल्यालाच सोडवायचा आहे. त्याला सोनं लागत नाही. चौकशी लागते.

करायचं काय, ते थोडक्यात सांगतो. घरात मांजर असेल तर पुष्पगुच्छातली लिली घराबाहेरच ठेवावी. उंच कपाटावर ठेवली तर चालेल, हा विचार करू नये. मांजर पोचत नाही अशी जागा घरात नसते, शिवाय पराग खाली गळतात. सायकस, कण्हेर, अडेनियम ज्यांना हवंच असेल त्यांनी ते इमारतीच्या आवारात, मांजराच्या आणि मुलांच्या वाटेबाहेर लावावं. मनी प्लांट टांगता येतो, वेल वर खेचून घेता येतो. घरातली प्रत्येक कुंडी काय आहे ते एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवावं. नाव माहीत नसेल तर रोपवाटिकेत पानाचा फोटो दाखवून विचारावं.

मांजरानं एखादं झाड खाल्ल्याची शंका आली तर लक्षणांची वाट बघू नये. घड्याळ बघून वेळ लिहून ठेवावी. अंगाला पराग लागले असतील तर सौम्य साबणानं आणि पाण्यानं धुऊन काढावेत, म्हणजे ते चाटून पोटात जाणार नाहीत. ओकवण्यासाठी मिठाचं पाणी पाजू नये, त्यानं दुसरंच संकट ओढवतं. माणसाची कोणतीही गोळी देऊ नये. झाडाची फांदी किंवा फोटो बरोबर घ्यावा आणि थेट पशुवैद्य गाठावा. जवळचा मांजर तपासणारा दवाखाना कुठं आहे, रात्री उघडा असतो का, हे आजच विचारून ठेवावं.

आणि मांजराची हिरव्याची हौस भागवण्याचा एक सोपा उपाय आहे. घटस्थापनेला आपण परडीत धान्य पेरतो, तसे मूठभर गहू रात्रभर भिजवून एका पसरट कुंडीत पेरावेत. आठ-दहा दिवसांत वीतभर हिरवं गवत उभं राहतं. तेवढी कुंडी मांजराच्या नावानं सोडून द्यावी. त्याला कुरतडायला, लोळायला हक्काची जागा मिळाली की बाकीच्या कुंड्यांकडं त्याचं लक्ष कमी जातं. शोभेचीच झाडं हवी असतील तर अरेका पाम आहे, स्पायडर प्लांट आहे, बोस्टन फर्न, कॅलेथिया, पेपरोमिया आहेत. खिडकीत ऊन येत असेल तर गुलाब, मोगरा, जास्वंद आहे. यांपैकी कशानंही मांजराला विषबाधा होत नाही. जास्त खाल्लं तर कोणताही पाला पोट बिघडवतोच, तेवढं सोडा. म्हणजे घर हिरवं ठेवण्यासाठी मांजर सोडायला नको आणि मांजरासाठी घर उजाड करायला नको.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलाला मी पुढं काय सांगितलं, तेही सांगतो. फुलानं मांजर मरतं, पण सगळ्या फुलांनी नाही, असं मी म्हणालो आणि कोणत्या फुलांनी ते सांगितलं. मोठ्या माणसांनी त्याला ‘देवाची मर्जी’ म्हणून समजावलं होतं. ते त्यांच्या जागी ठीक. पण दहा वर्षांच्या मुलाला मर्जीपेक्षा नाव कळलं तर पुढच्या वेळी त्याचा उपयोग होतो. त्यानं ती नावं आपल्या वहीत उतरवून घेतली. आता इमारतीत कोणाकडं पुष्पगुच्छ आला की तो जाऊन बघून येतो.

पुढच्या वेळी रोपवाल्याच्या हातगाडीशी उभे राहाल तेव्हा किमतीच्या आधी त्याला झाडाचं नाव विचारा. आणि घरात मांजर आहे, हे त्याला सांगा. त्याला नाव माहीत नसेल तर ते झाड त्या दिवशी गाडीवरच राहू द्या.